उलटं ठेवलेलं पुस्तक

२००९ साली, एप्रिलच्या वीस तारखेला, सोमवारी सकाळी एका माणसानं आमच्या दुकानात येऊन बावीस फूट पुस्तकं मागितली.

"बावीस फूट?" मी विचारलं.

"रनिंग फूट, फळीच्या लांबीवर," तो म्हणाला. "तपकिरी, मरून, काळी चालतील. पिवळं, गुलाबी नको. कापडी बांधणी असेल तर उत्तम."

"आणि विषय?"

"विषय काहीही असू द्या. सॅम्पल फ्लॅटच्या हॉलमध्ये लावायचीत."

त्याचं नाव मुळगुंद. इंटिरियरची कामं करायचा. माझे यजमान दिनकरराव गल्ल्यामागे बसले होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "आमच्या दुकानात साठ वर्षांत पहिल्यांदाच कापडाच्या दुकानासारखं गिऱ्हाईक आलं. शालन, टेप काढ."

सांगलीच्या मेन रोडवरचं आमचं 'सबनीस पुस्तकालय' एप्रिलअखेर बंद होणार होतं. एक तारखेपासून तिथं चपलाबुटांचं शोरूम यायचं होतं. दुःख करून झालं होतं. जून महिन्यात दारापासून पलीकडच्या हलवायापर्यंत रांग लागायची, ते दिवस जाऊन दहा वर्षं झाली होती. शाळांची पुस्तकं शाळेतच मिळू लागली. कथा-कादंबऱ्या वाचणारे म्हातारे झाले, आणि त्यांची मुलं दुकानात शिरली तरी "रिचार्ज आहे का?" असं विचारायची. दिनकररावांचे गुडघेही शिडीवर चढायचे राहिले नव्हते. तेव्हा बावीस फूट पुस्तकं एकगठ्ठा जातात म्हटल्यावर मला आनंदच झाला, हे कबूल करते. त्या आनंदातच माझ्या हातून ती चूक झाली.

ती समजायला आमच्या दुकानाची एक रीत सांगावी लागेल. माझे सासरे, अप्पा, यांनी ती घातली होती. ज्याला पुस्तक विकत घेणं जमत नसे त्यानं दुकानात उभं राहून वाचावं. अप्पा हटकत नसत. मात्र पानाचा कोपरा दुमडायचा नाही, खूण घालायची नाही, पानाचा आकडा ज्याचा त्यानं ध्यानात ठेवायचा. आणि वाचून झालं की पुस्तक फळीवर उलटं, म्हणजे डोकं खाली पाय वर, ठेवायचं. उलटं पुस्तक म्हणजे कुणीतरी वाचतंय. ते विकायचं नाही, मग मोठा साहेब मागायला येवो. शेवटचं पान झालं की वाचणारा ते आपल्या हातानं सरळ करी. मी लग्न होऊन आले तेव्हा दुकानात एका वेळी आठ-नऊ पुस्तकं शीर्षासनात असायची.

२००९ साली एकच होतं. एका नावाड्याच्या घराण्याची साडेपाचशे पानांची जुनी कादंबरी, तपकिरी कापडी बांधणीची. पुन्हा कधी छापली गेली नाही. आमच्याकडे ती एकच प्रत होती.

मुळगुंदसाठी मी फळीवरून तपकिरी पुस्तकं काढून टेबलावर ओळीनं लावत होते. त्यातलं एक उलटं लागलं. माझ्या हातानं ते सरळ केलं. एकतीस वर्षं जी रीत मी नव्या नोकरांना शिकवली, ती माझेच हात विसरले. ओळ छान दिसत होती. मुळगुंद म्हणाला, "वा!" आणि टेम्पो भरून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी इंदुमती चौगुले आली. ती रोज याच वेळी येई. सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर होती, वय सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं ती आमच्याकडे उभं राहून वाचत असे. दिवाळीपासून ही एकच कादंबरी चालली होती. मी पहिल्या दिवशी स्टूल दिलं तर म्हणाली, "दिवसभर बसूनच असते वहिनी. जरा उभं राहू द्या की."

दुकान बंद होणार हे ठरलं तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "घेऊन जा हे पुस्तक. माझ्याकडून भेट." तर तिनं दोन्ही हात मागे घेतले. "नको वहिनी. घरात आलं की संपलंच मग." मला अर्थ कळला नाही. मी वाद घातला नाही.

त्या मंगळवारी ती नेहमीच्या फळीपाशी गेली. तिथं मोकळी जागा होती. तिनं खालची फळी पाहिली, वरची पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला टेबलावर सरळ केलेलं ते पुस्तक आठवलं.

"वहिनी, पुस्तक?"

"मी विकलं," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. पदर खांद्यावरून घेत एवढंच म्हणाली, "चारशे चोवीसवर होते. शनिवारपर्यंत व्हायला पाहिजे होतं."

"शनिवारपर्यंत का?"

"रविवारी सासूबाई इंदूरला चालल्यात, मोठ्या दिरांकडे. त्याआधी पाहिजे होतं." आणि ती दाराकडे निघाली.

"थांब," मी म्हटलं. "शनिवारपर्यंत होईल. मी करते."

दिनकरराव म्हणाले, "काय करणार तू? गेलेली वस्तू गेली."

"वस्तू गेली असेल, जागा ठाऊक आहे," मी म्हटलं आणि कायनेटिकची किल्ली उचलली.

तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते आणि कायनेटिक चालवत असे. बिलावरच्या पत्त्याप्रमाणे विश्रामबागेच्या पुढे ती फ्लॅटची स्कीम होती. सात मजली सांगाडा, त्यावर लालपिवळे झेंडे, आणि खालच्या मजल्यावर तेवढा एक सजवलेला फ्लॅट. आत प्लॅस्टिकचं जास्वंद, काचेच्या भांड्यात मेणाची सफरचंदं, आणि हॉलच्या भिंतीवर माझी बावीस फूट पुस्तकं. नावाड्यांची कादंबरी मधल्या फळीत होती, डावीकडून सातवी.

तिथल्या विक्रीच्या बाई म्हणजे रेश्मा मुजावर. तिशीची, चटपटीत, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र.

"बसा मॅडम. टू बीएचके की थ्री?"

मी तिला खरं काय ते सांगितलं, आणि त्याच जाडीचं, त्याच रंगाचं दुसरं पुस्तक पिशवीतून काढून पुढं ठेवलं. "हे घ्या. ते द्या. भिंतीला फरक पडणार नाही."

रेश्मानं पुस्तक हातात घेतलं, परत दिलं. "काकू, माझं काही म्हणणं नाही. पण इथल्या चमच्याचासुद्धा फोटो काढून यादी केलीय. आधीच्या स्कीमला सॅम्पल फ्लॅटमधनं पडदे गेले, तेव्हा आधीच्या मॅडमची नोकरी गेली. साहेब सोमवारी येणार, अक्षय्य तृतीयेच्या उद्घाटनाला. तेव्हा विचारा."

"सोमवारी उपयोग नाही. रविवारच्या आत पाहिजे."

"मग माझ्या हातात नाही."

तिचं म्हणणं रास्त होतं. मी उठले. दारात एक पाटी होती, मोठ्या सुबक अक्षरांत. 'सॅम्पल फ्लॅट हवा तितका वेळ निवांत पाहा.' मी ती दोनदा वाचली.

"ही पाटी तुमचीच ना?"

"हो."

"फ्लॅट बघायला आलेल्यानं कपाटातल्या वस्तूंना हात लावला तर?"

"लावतात की. परवा एकानं मेणाचं सफरचंद चावलं."

"मग उद्या मी माझ्या मैत्रिणीला घेऊन येते फ्लॅट बघायला. तिला कपाटच बघायचंय. तिला वेळ लागेल."

रेश्मानं पाटीकडे पाहिलं. मग म्हणाली, "साडेसहाला बंद करतो आम्ही."

बुधवारी पाच वाजता मी दवाखान्याच्या फाटकाशी उभी होते. इंदुमती मागे बसताना म्हणाली, "वहिनी, सावकाश हं. मला गाडीची सवय नाही."

"सव्वापाचला पोचायचंय. घट्ट धर."

पोचल्यावर तिनं चपला बाहेर काढल्या. देवळात शिरावं तशी हॉलमध्ये शिरली, डावीकडून सातवं पुस्तक काढलं, चारशे चोवीस पान उघडलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सोफा होता, तिनं पाहिलासुद्धा नाही.

मी आणि रेश्मा स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून बोलत राहिलो. तिनं सवयीनं मला ओट्याचा ग्रॅनाइट सांगितला, मी सवयीनं तिला ती काय वाचते विचारलं.

"बारावीनंतर काही नाही. वेळच होत नाही काकू." मग हॉलकडे मान वळवून हळूच, "एवढं काय आहे हो त्यात?"

"मला काय माहीत? मी नाही वाचलेलं."

"दुकान तुमचं ना?"

"हलवायाला रोज पेढा खाताना बघितलंस कधी?"

ती मोठ्यानं हसली. इंदुमतीनं मान न वळवता हात वर केला, शांत बसा म्हणून.

साडेसहाला पान चारशे पासष्ट. इंदुमतीनं पुस्तक परत ठेवलं, उलटं. रेश्मा सरळ करायला पुढं झाली.

"राहू दे," मी म्हटलं. "कुणीतरी वाचतंय, असा त्याचा अर्थ."

गुरुवारचा दिवस फुकट गेला. जाहिरातीचे फोटो काढायला माणसं आली होती, दिवे, छत्र्या, वायरी. दारातूनच परतावं लागलं. इंदुमती गाडीवर बसता बसता म्हणाली, "ऐंशी पानं आणि दोन दिवस." मी म्हटलं, "नाहीच झालं तर शेवट आपल्या मनानं रचशील की."

"एकदा रचला होता वहिनी. दवाखान्यात साथ होती, चार दिवस यायला जमलं नव्हतं तेव्हा. पकडले गेले."

"कुणी पकडलं?"

"वहिनी, पुढं खड्डा आहे," ती म्हणाली.

शुक्रवारी रेश्मानंच आमच्या आधी दिवे लावून ठेवले होते. कपाटावरचा फिरता दिवा वळवून तिनं बरोबर सातव्या पुस्तकावर पाडला होता. "काल फोटोवाल्यानं पुस्तक सरळ केलं होतं. मी परत उलटं केलं," तिनं अभिमानानं सांगितलं. त्या दिवशी इंदुमतीनं पाचशे सहापर्यंत मजल मारली. निघताना रेश्मानं तिला अडवलं.

"ताई, ती गोदू. तिचा पोरगा येतो का परत पलीकडनं?"

"तू वाचलंस?"

"दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. सुरुवातीची तीस पानं."

"मग वाच की पुढं," इंदुमती म्हणाली. "सांगितलेलं घेऊ नये फुकट."

शनिवारी तिचं दवाखान्यातलं काम उशिरा सुटलं. आम्ही पोचेतो पावणेसहा. अडतीस पानं. पहिला अर्धा तास कुणी आलं नाही. मग बाहेर गाडी थांबली आणि मुळगुंद टेप हातात घेऊन आत आला. सोमवारच्या आधी कपाटाच्या फळीखाली दिव्यांची पट्टी लावायची होती. त्याला समोर एक बाई अनवाणी उभी दिसली, त्यानं लावलेलं पुस्तक उघडून.

"हे काय चाललंय?"

"फ्लॅट बघतायत सर," रेश्मा म्हणाली.

"फ्लॅट? त्या वाचतायत!" मग मला ओळखून, "तुम्ही तर दुकानवाल्या. अहो, ही पुस्तकं वाचायला ठेवलेली नाहीत."

ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. पण तेव्हा त्याच्यावर रागवायला वेळ नव्हता. मी त्याच्या आणि इंदुमतीच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

"मुळगुंदसाहेब, हे पुस्तक तुम्हाला विकायला नको होतं. विकलं ही चूक माझी, तुमची नाही. तुमचं तुम्हाला राहणार आहे. फक्त बारा पानं उरलीत. कपाट सोडून काय काय मोजायचंय तुम्हाला?"

"पडदे आहेत, पण..."

"मग आधी पडदे मोजा."

"बाई, मला सातला मिरजेत पोचायचंय."

"मी टेपचं टोक धरते. लवकर होईल."

खरंच धरलं. दोन्ही बेडरूमच्या खिडक्या, बाल्कनीचं दार, मग न्हाणीघराचा पडदासुद्धा. मी प्रत्येक ठिकाणी "पुन्हा एकदा मोजा, अर्धा इंच कमी वाटतोय" म्हणत होते. तिसऱ्या खिडकीशी तो म्हणाला, "तुम्ही मुद्दाम करताय." मी म्हटलं, "अर्थात." त्यावर तो हसला बिचारा, आणि चौथी खिडकी आपण होऊन सावकाश मोजली.

हॉलमध्ये आलो तेव्हा इंदुमतीनं पुस्तक मिटलं होतं. दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. डोळे कोरडे होते पण चेहरा लांबून प्रवास करून आल्यासारखा.

"झालं?" मी विचारलं.

"झालं वहिनी."

तिनं पुस्तक फळीवर ठेवलं. उलटं.

"अगं, संपलं ना? मग सरळ कर की."

"राहू द्या," ती म्हणाली.

मला वाटलं, चुकून. पण चेहरा चुकल्यासारखा नव्हता.

तिला घरी सोडायला गेले. गावभागात नदीकडे उतरणाऱ्या बोळात दोन खोल्यांचं घर. नवरा एसटीत कंडक्टर, तो ड्यूटीवर. "चहा घेतल्याशिवाय सोडत नाही," म्हणून तिनं आत नेलं. बाहेरच्या खोलीत खिडकीलगतच्या खाटेवर तिची सासू होती. अर्धं अंग गेलेलं, पण डोळे आणि जीभ शाबूत. शेजारी बांधून ठेवलेली वळकटी आणि पत्र्याची पेटी.

"आलीस व्हय? किती वाट बघायची माणसानं?" म्हातारी म्हणाली. "ह्या कोण?"

"दुकानातल्या वहिनी."

"हां हां. त्या नावाड्याच्या." तिनं मला बसायची खूण केली आणि सुनेकडं वळली. "चहा नंतर. आधी सांग. गोदू घाटावर उभी होती, होडी दिसत होती. आत कोण हुतं?"

तेव्हा मला समजलं.

इंदुमती खाली पाटावर बसली आणि सांगू लागली. केसपेपरच्या खिडकीत मान खाली घालून नाव-गाव विचारणारी ही बाई, तिच्या हातात वल्हं आलं, आवाजात पाणी आलं. पूर कसा चढला, घाट कसा बुडाला, गोदूनं कंदील कसा धरला. म्हातारीचा धड असलेला हात खाटेच्या कडेवर घट्ट आवळला होता. मी चहाचं विसरले. होडी काठाला लागली. कुणीतरी पाण्यात उडी मारली. गोदूनं कंदील वर केला.

आणि इंदुमती थांबली.

"पुढं?" म्हातारी म्हणाली.

"पुढं अजून एक प्रकरण आहे. राहिलंय वाचायचं."

"राहिलंय? उद्या गाडी हाय माझी!"

"काय करू आत्या, वेळच पुरला नाही. वहिनींना विचारा पाहिजे तर."

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं गिऱ्हाइकाशी खोटं बोलले नव्हते. मी म्हटलं, "थोडंसं राहिलंय खरं."

"मग तिकडं फोनवर सांग."

"फोनवर नाही सांगत मी. समोर सांगीन. परत या, मग ऐका."

"मी कसली परत येते? जाते ती तिकडंच मरायला."

"मग राहू दे गोदू घाटावर," इंदुमती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

बोळाच्या तोंडाशी मला सोडायला आली तेव्हा ती स्वतःच बोलली. "लग्न होऊन आले ती अकरा वर्षं आम्ही मीठ दे, पाणी दे एवढंच बोलत होतो वहिनी. त्यांना मी नको होते. अंग गेलं आणि मग एक दिवस काय बोलावं सुचेना म्हणून दुपारी वाचलेलं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, पुढं काय झालं. पुस्तक घरात आणलं असतं तर त्यांनी माझ्या पोराकडनं चार दिवसांत वाचून घेतलं असतं. मग मी कशाला लागले असते?" मग म्हणाली, "आता सांभाळायला येणारी बाई सोडून गेली, माझी नोकरी, म्हणून दीर नेतायत. तिकडं सगळं आहे. पण सासूबाईंनी मरायचं ठरवलंय. हट्टी आहेत. त्यांचा हट्ट मोडायला दुसरा हट्ट पाहिजे."

"पण मग शेवट वाचायची एवढी घाई कशाला केलीस? तसंच थांबली असतीस."

"असं कसं? राखून ठेवायचं तर हातात पाहिजे ना."

तीस एप्रिलला आम्ही दुकानाच्या किल्ल्या दिल्या. दिनकररावांनी पाटी उतरवताना कुणाची मदत घेतली नाही. ते २०१६ साली गेले. शेवटपर्यंत त्या शोरूममधून चप्पल घेतली नाही त्यांनी. मी घेतली. टिकाऊ निघाली.

इंदुमतीच्या सासूबाई गणपतीच्या आधी इंदूरहून परत आल्या. तिथं त्यांनी रोज संध्याकाळी "माझी गोष्ट राहिलीय" एवढं एकच लावून धरलं होतं म्हणे. दिरांनी शेवटी हात टेकले आणि इथं दोन वेळची बाई लावून दिली. इंदुमतीनं पहिल्याच संध्याकाळी शेवट सांगितला. ऐकून म्हातारी म्हणाली, "एवढंच? मला वाटलंच हुतं." आणि लगेच, "दुसरी कुठली काढलीयस?" त्यानंतर चार वर्षं जगल्या. पुस्तकं इंदुमती माझ्या घरून वाचून जाई, उभ्यानं. निवृत्त झाल्यावर ती नवऱ्याबरोबर तासगावला राहायला गेली. आता तिची नातवंडं तिला झोपू देत नाहीत.

मुळगुंद भेटतो अधूनमधून. अलीकडे भिंतीवर लावायला पुस्तकांच्या पाठींचा छापील कागदच मिळतो, असं मध्यंतरी सांगत होता. सांगताना जरा ओशाळला.

सॅम्पल फ्लॅट मोडला तेव्हा रेश्मानं साहेबांना रीतसर विचारून ती कादंबरी मला आणून दिली. म्हणाली, उद्घाटनाला चारशे माणसं येऊन गेली, उलटं पुस्तक एकाच्याही लक्षात आलं नाही. तिची वाचून झाली होती. पण तिनं ते सरळ केलं नव्हतं, म्हणे तो हक्क ताईंचा. मग इंदुमती एक दिवस आली आणि तिनं आपल्या हातानं ते माझ्या कपाटात सरळ ठेवलं. रेश्माचं आता मिरजेत स्वतःचं ऑफिस आहे.

राहिले मी. होडीत कोण होतं ते मी कुणालाच विचारलं नाही. तिघींना माहीत होतं, मला नव्हतं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, गेल्या पाडव्याला, मी ते पुस्तक खाली काढलं. डोळ्यांमुळे रोज पाच पानांपुढे जाता येत नाही. पण एक दिवसही चुकवलेला नाही. आज तीनशे दोनवर आहे. कपाट उघडलंत तर ते सरळ करू नका.